एक रकाना कमी

सप्रेम आशीर्वाद.

नागरिकांच्या वेगवेगळ्या सरकारी नोंदी एकमेकींना जोडणाऱ्या प्रकल्पात तुला नोकरी मिळतेय, हे वाचलं. काम मोठं आहे, शिकायलाही भरपूर मिळेल. फक्त पत्राच्या शेवटी जे लिहिलंस, ‘ज्याने काही केलंच नाही त्याला पाळतीची भीती कशाला?’, तिथे मी अडखळलो.

आजचं सरकार डोळ्यांसमोर ठेवून तू हे लिहिलंस. यंत्रणा मात्र पुढची कित्येक वर्षं चालेल आणि तोवर खुर्चीत कोण बसलेलं असेल, हे ना तुला ठाऊक, ना मला. दुसऱ्या महायुद्धाआधी नेदरलँड्समधली नागरिकांची नोंदणी अतिशय चोख होती. त्यात धर्माचाही रकाना होता. तो भरणाऱ्या कारकुनांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. प्रशासनाला माहिती लागते, एवढाच हिशेब. १९४० साली जर्मन फौजा आल्या आणि सगळं त्यांच्या हाती आयतं पडलं. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. त्याची कारणं अनेक, पण त्यांत हा चोखपणाही होता. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार चळवळीतल्या काहींनी पोलिसांचे गणवेश घालून ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं. जिवावर उदार होऊनही जेमतेम १५ टक्के कार्डं नष्ट झाली, आणि पकडलेल्यांपैकी बाराजणांना गोळ्या घातल्या गेल्या. आज तर बॅकअप दुसऱ्या शहरात असतो. आग लावून काय होणार?

तुला सांगतील, ‘आम्ही बोलणं ऐकत नाही, कोणी कोणाला, कधी, कुठून फोन केला तेवढंच ठेवतो.’ तेवढंच पुरतं. कर्करोगतज्ज्ञाला एक फोन, पाठोपाठ विमा कंपनीला, मग भावाशी तासभर: यातलं अवाक्षर न ऐकता सगळं कळतं. नाव काढून टाकल्यानेही फारसं काही साधत नाही. २०१३ साली संशोधकांनी १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या. माणूस कोणत्या वेळी कुठे होता असे फक्त चार ठिपके हाती असले, की ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे ओळखता येत होते.

सुरक्षेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. कोर्टाच्या आदेशाने एका संशयिताचा फोन ऐकायला माझी हरकत नाही. पण सगळ्यांचंच साठवून ठेवल्याने खरंच काय हाती लागतं? अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने तिच्या पाळतीची गुप्त कागदपत्रं उघड केल्यावर अमेरिकेत सरकारच्याच एका स्वतंत्र मंडळाने फोननोंदींच्या सरसकट साठवणीची तपासणी केली. देशाला असलेल्या धोक्याशी संबंधित एकाही दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात तिच्यामुळे ठोस फरक पडल्याचं उदाहरण सापडलं नाही, असं त्यांनी जानेवारी २०१४ मध्ये लिहून दिलं.

बैठकीत कोणी म्हणालं, ‘चावी आपल्याकडेच राहील,’ तर अथेन्सची गोष्ट काढ. फोन कायदेशीरपणे टॅप करता यावेत म्हणून एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये असलेली सोय २००४-०५ मध्ये तिथे कोणीतरी परस्पर वापरली. सुमारे शंभर फोन कित्येक महिने ऐकले जात होते. त्यांत खुद्द पंतप्रधानांचाही होता!

नोकरी नाकार, असं मी म्हणत नाही. विचार न करणारा माणूस त्या खुर्चीत बसण्यापेक्षा तू बसलेलं मला चालेल. पण प्रत्येक रकान्यापाशी थांब. हा कशासाठी, याशिवाय काम अडतं का, असं विचार. अडत नसेल तर तो ठेवूच नकोस. जे गोळाच केलं नाही ते चोरीलाही जात नाही आणि उद्याच्या हुकमावर सादरही करावं लागत नाही. कोणी कोणाची नोंद उघडून पाहिली याचा लॉग अशा ठिकाणी ठेव, की तुझ्या साहेबालाही तो पुसता येणार नाही. मुदत संपलेल्या नोंदी प्रोग्रामनेच खोडाव्यात, ते कोणाच्या आठवणीवर सोडू नये. यासाठी तुला कटकट्या स्वभावाचं म्हणतील. म्हणू देत.

करारावर सही करण्याआधी त्यांना एवढंच विचार, की ही माहिती कोणत्या तारखेला खोडली जाणार. ‘ते नंतर ठरवू’ असं उत्तर आलं, तर सही लांबणीवर टाक आणि मला येऊन भेट.