ताटं वेगळी, ताटातूट नव्हे

मेधाने बसल्याबसल्या मोबाइल माझ्यापुढे धरला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचा फोटो होता, जुलैचं पान. दुधाचा हिशेब लिहायच्या चौकटींत बारीक अक्षरात वेळा टिपलेल्या: १.१०, २.४०, ४.१५, ५.०५. "या वेळांना मी उठलेय मॅडम. रोज. तीन आठवडे झाले."

मेधा हे तिचं खरं नाव नव्हे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि तिला विचारूनच हे लिहिते आहे. कारण तिचा प्रश्न घेऊन माझ्याकडे, एका समुपदेशकाकडे, बरेच जण येतात, आणि जवळजवळ सगळे तो खालच्या आवाजात विचारतात: हौसेने जीव घरात आणला आणि आता पस्तावा होतोय, मी वाईट आहे का?

मुलुंडला वन बीएचके. नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सासूबाई. मेधा बँकेत. मुलाने दोन वर्षं धोशा लावला होता म्हणून शेल्टरमधून कुत्र्याचं एक पिल्लू आणायचं ठरलं. एकच, हे तिनेच तिघांना बजावलेलं. तिथे दोन महिन्यांची भावंडं होती. तपकिरी पिल्लू मुलाने उचललं तशी काळी बहीण जाळीला पाय लावून उभी राहिली आणि असा टाहो फोडला की मेधाच म्हणाली, "दोघांनाही द्या." रिक्षात नावंसुद्धा ठरली. काजू आणि मनुका.

पुढचं तिने भराभर सांगितलं. घरभर शू. मुलाच्या चपलेचा फडशा. बाहेर मुसळधार पाऊस, त्यात लसी पूर्ण नाहीत म्हणून खाली न्यायचं नाही. एकाला झोप लागली की दुसरं त्याचा कान चावून उठवणार. सासूबाई म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण." नवरा म्हणाला, "विकतचं दुखणं आहे हे," आणि वर, "तूच म्हणालीस ना, दोघांना द्या?"

हे शेवटचं वाक्य तिने तासाभरात तीनदा सांगितलं. माझ्या मते गाठ तिथेच होती. निर्णय तिचा, म्हणून दमायचा हक्क तिला नाही, असं घराने धरलं होतं, आणि त्याहून घट्ट तिने स्वतः. रात्रीचं उठणं तिच्याकडे आपसूक आलं आणि तिने ते दंड भरल्यासारखं निमूट केलं. शेल्टरला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा रिंग वाजायच्या आत कापला. "एकाला परत दिलं तर ताटातूट केल्याचं पाप. दोघांना ठेवलं तर मी वेडी होईन."

मी आधी तिच्या जिवाची चौकशी केली. जेवण जातंय का, दिवसभर उदास वाटतं का, जगू नये असं काही मनात येतं का. तसं असतं तर बोलणं कुत्र्यांवर गेलंच नसतं, मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. (रात्री-अपरात्री कोणालाही तसं वाटलं तर १४४१६ या 'टेली मानस'च्या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.) मेधाचं तसं नव्हतं. तिची झोप मोडली होती आणि मन अपराधाने भरलं होतं. पिल्लू घरी आणल्यावरच्या या मनःस्थितीला 'पपी ब्लूज' म्हणतात. २०२४ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. त्यांना त्यात तीन धागे सापडले: वैताग, चिंता आणि थकवा. हे सांगितल्यावर ती रडली. आपल्या अवस्थेला नाव आहे, म्हणजे ती आणखी कुणाचीही होते, एवढंच तिला ऐकायचं होतं.

मग एक ठराव केला. १५ ऑगस्टपर्यंत परत देण्याचा निर्णय घ्यायचा नाही, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी बसून घ्यायचा. तोवर रात्री एकाआड एक नवऱ्याच्या. नवऱ्याला मी बोलावलं. तो आला, थोडा तोऱ्यातच. त्याला एकच विचारलं, "त्या दिवशी शेल्टरमध्ये तुम्ही नको म्हणालात का?" बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाही. मलाही ती रडत होती ते बघवलं नाही." मेधाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून तिने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

पिल्लांचं शास्त्र माझा प्रांत नाही, ते पशुवैद्यांना विचारायला सांगितलं. पण मेधा रात्री जागून मोबाइलवर 'लिटरमेट सिंड्रोम'चे व्हिडिओ बघायची आणि आणखी घाबरायची, म्हणून त्याबद्दल बोलावं लागलं. एका वेतातली दोन पिल्लं एकत्र वाढली की एकमेकांतच गुंततात, माणसाकडे लक्ष देत नाहीत, एकटी राहू शकत नाहीत, मोठेपणी भांडतात, असं ट्रेनर मंडळी सांगतात. बरेच ट्रेनर एकदम दोन पिल्लं नेऊच नका म्हणतात. पण हे रोगाचं निदान नव्हे, रूढ झालेलं नाव आहे. सगळ्या भावंडांचं तसं होत नाही, आणि टाळण्यासाठी करायच्या गोष्टी घरगुतीच आहेत: जेवण वेगळं, झोपायची जागा वेगळी, शिकवणं वेगळं, रोज थोडा वेळ प्रत्येकाने दुसऱ्याविना काढायचा.

"म्हणजे घरातच ताटातूट?" तिने विचारलं.

"नाही. फक्त ताटं वेगळी."

तेव्हा ती खरं बोलली. अगदी हळू. "मॅडम, मला काजू आवडतो. मनुका नाही आवडत."

मी विचारलं, मनुकासोबत एकटी कधी बसलीस? कधीच नाही. तीन आठवड्यांत पाच मिनिटंही नाही. मनुका तिला माहीत होती ती काजूच्या अंगावर पडणारी, मुलाचा हात चावणारी अशी. मी रोज २० मिनिटं सांगितली. बेडरूमचं दार लावून, फक्त मनुका. काही शिकवायचं नाही.

पुढच्या भेटीत तिने सांगितलं. पहिल्या दिवशी मनुका दाराशी रडली, पलीकडून काजू रडला, सासूबाई ओरडल्या. सात मिनिटं. मग ती आली, मेधाच्या गाऊनचं बटण चघळलं, मांडीत चढायचा यत्न केला, जमेना, तशी पायावरच अंग टाकून झोपली. पोट गरम, वर-खाली होणारं. मेधाला तेव्हा दिसलं की तिच्या मागच्या डाव्या पायाचं एकच नख पांढरं आहे. "इतके दिवस घरात आहे आणि मी बघितलंच नव्हतं," म्हणाली. एवढ्याने सगळं सुरळीत झालं नाही. त्याच संध्याकाळी मनुकाने तिची चार्जिंगची वायर तोडली. पण 'ती दोघं' हा शब्द मेधाच्या बोलण्यातून हळूहळू जायला लागला.

बाकीचं कामाचं होतं. पिल्लांच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून साधारण १६ आठवड्यांपर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात, रेबीजची साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर पार्वो आणि पावसाळ्यातला लेप्टो या जीवघेण्या आजारांच्या भीतीने जमिनीवर सोडत नाहीत, पण जगाची ओळख व्हायचं वयही नेमकं हेच. म्हणून नवरा सकाळी दुधाला जाताना एकाला पिशवीत घालून न्यायला लागला, आज काजू, उद्या मनुका. रिक्षाचे हॉर्न, भाजीवाल्याची हाळी, छत्र्या, सगळं छातीशी धरून दाखवायचं. भाऊ-बहीण आहेत तर सहा महिन्यांच्या सुमारास मादी माजावर येऊ शकते, नसबंदीचं डॉक्टरांशी आत्ताच बोला, हेही सांगितलं. तिच्या ध्यानातच नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'दोन कुत्री चालणार नाहीत' अशी चिठ्ठी दिली होती. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पालिकेचा परवाना मात्र काढायला हवा. ते काम सासऱ्यांच्या जुन्या फायलींतून कागद शोधत सासूबाईंनी केलं.

परत देण्याबद्दल मी तिला जे म्हणाले ते इथेही लिहिते. तीन महिन्यांचं पिल्लू चांगल्या घरात गेलं तर रुळतं. भावंडं एरवीही वेगवेगळ्या घरीच जातात. झेपत नाही असं कळल्यावर शेल्टरला वेळेत, खरं सांगून फोन करणारं माणूस माझ्या लेखी बेजबाबदार नाही. बेजबाबदार आहे ते रस्त्यावर सोडून येणं. तो १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. मेधाने एकाला परत दिलं असतं तरी मी तिच्या बाजूला बसले असते.

१५ ऑगस्टला झेंडावंदन करून आल्यावर घर बसलं. मुलाने दोघांसाठी भाषण तयार ठेवलं होतं, नवऱ्याने महिन्याचा खर्च मांडला. लस, खाणं, डॉक्टर, सगळं दुप्पट, आणि तो आकडा हलका नव्हता. गावची एक फेरी रद्द करायची ठरली. सासूबाई गप्प होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, "मनुका दुपारी माझ्यापाशी झोपते. तिला कुठे पाठवायची असेल तर मला आधी सांगा."

सप्टेंबरात मेधा शेवटची आली. उठताना पुन्हा मोबाइल पुढे केला. तोच कालनिर्णय, नवं पान. रात्रीच्या वेळा दोन-तीनच चौकटींत होत्या, त्यातल्या एकीत नवऱ्याचं अक्षर. बाकी चौकटींत दुधाचा हिशेब: २ लि., २ लि., २ लि.