आधी भिंत बघा, मग सुताराला बोलवा

यावेळी आलेली पत्रं जवळजवळ एकाच विषयावरची आहेत, घरात पुस्तकांसाठी जागा कशी करायची आणि तीही कमी पैशात. मिरग तोंडावर आलेला असताना हा विषय निघाला हे चांगलंच झालं, कारण आपल्याकडे पुस्तकं खराब होतात ती पुढच्या चार महिन्यांतच. चार पत्रं निवडलीयत. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण त्यातलं बरंचसं सगळ्यांच्याच कामाचं आहे.

प्रश्न : पर्वरीला आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. पुस्तकं साधारण 600, बहुतेक मराठी, शिवाय दिवाळी अंक. दोन वर्षं सगळं खोक्यांत पडून आहे. हॉलमधली एक भिंत पूर्ण मोकळी आहे म्हणून तिथे काचेच्या दारांचं कपाट करायचं ठरवलं तर सुताराने 85 हजार सांगितले. माझ्याकडे वीसेक हजार आहेत. एवढ्यात काही होईल की पैसे जमेपर्यंत थांबू? (एक वाचक भगिनी, पर्वरी)

उत्तर : थांबू नका ताई. वीस हजारात 600 पुस्तकांची सोय नक्की होते. आणि ते काचेचं कपाट झालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण गोव्यात पुस्तकांना काचेपेक्षा हवेची गरज जास्त आहे. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आपल्याकडे पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमधे, आणि त्या दिवसांत हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर दिवसेंदिवस बसून राहते. बुरशीला 70 टक्के पुरतात. भिंतीला घट्ट चिकटवलेलं, मागून प्लाय आणि पुढून काच असं कपाट केलं की आतली हवा हलतच नाही, मग गणपतीच्या साफसफाईला दार उघडलं की तो कुबट वास येतो आणि पुस्तकांच्या कण्यांवर पांढरी भुकटी दिसते.

म्हणून पहिलं काम भिंत बघणं. तुमची मोकळी भिंत कुठल्या दिशेची ते तुम्ही लिहिलेलं नाही. पश्चिमेची किंवा दक्षिणेची बाहेरची भिंत असेल तर सरळ सोडून द्या, पाऊस तिच्यावरच झोडपतो आणि आपला चिरा पाणी पितो, बाहेरून कितीही रंग लावा. पलीकडे बाथरूम असलेली भिंतही नको. दोन खोल्यांच्या मधली भिंत सगळ्यात चांगली, मग ती बेडरूममधे असो की पॅसेजमधे, पुस्तकं हॉलमधेच दिसली पाहिजेत असा काही नियम नाही. खात्री करायची असेल तर पाऊस लागल्यावर फूटभर चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांना टेप मारून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढताना नीट बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब साचले असतील तर ओल भिंतीतून येतेय, तिथे पुस्तकं ठेवूच नका. खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर तो हवेतला, तो पंख्याने आणि मोकळ्या रॅकने बऱ्यापैकी आवरतो.

आता हिशोब. मराठी पुस्तक सरासरी 2 सेंटिमीटर जाड धरलं तर 600 पुस्तकांना 12 मीटर म्हणजे साधारण 40 फूट फळी लागते. आपली नेहमीची डेमी आकाराची पुस्तकं साडेपाच बाय साडेआठ इंचांची, त्यांना सव्वानऊ इंच खोलीची फळी भरपूर झाली. सुतार मात्र सवयीने 12 किंवा 15 इंच धरतात, त्यात प्लाय वाया जातो आणि आपण मग पुस्तकांच्या दोन रांगा लावतो, मागची रांग कधी दिसत नाही आणि कसर तिथेच लागते. 8 बाय 4 च्या एका शीटमधून सव्वानऊ इंची 5 पट्ट्या निघतात, प्रत्येक 8 फुटांची, म्हणजे एका शीटमधेच तुमची 40 फूट फळी झाली! प्रत्येक पट्टीचे 32 इंचाचे तीन तुकडे करा, 15 फळ्या मिळतील. दुसऱ्या शीटच्या 5 पट्ट्यांतल्या चार उभ्या लावायच्या, पाचवीचे तीन तुकडे वरचं छत म्हणून. तीन कप्पे शेजारी शेजारी, प्रत्येकात पाच फळ्या. दोन शीटमधे काम संपलं.

32 इंचाच्या पुढे मात्र जाऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. गच्च भरलेल्या एवढ्या फळीवर वीसेक किलो वजन येतं, आणि 18 मिलिमीटर प्लाय त्याहून लांब झाला की वर्षा-दोन वर्षांत मधे झोल पडतो. पुढच्या कडेला दीड इंची लाकडी पट्टी उभी मारून घेतलीत तर फळी अजून ताठ राहते आणि प्लायची कड पण झाकली जाते. उंची साडेपाच फूट पुरते, वरच्या तीन फळ्यांना 10 इंच आणि खालच्या दोनांना 13 इंच ठेवा, मोठी पुस्तकं आणि दिवाळी अंक तिथे जातील. सगळ्यात खालची फळी लादीपासून 5 इंच वर हवी, नाहीतर लादी पुसताना पाणी लागतं.

प्लाय घेताना शीटवरचा शिक्का स्वतः वाचा, आयएस 710 हवा, तो पाण्याला टिकणारा. दुकानात एमआर ग्रेड स्वस्त पडतो म्हणून पुढे करतात, पण तो आपल्या पावसाळ्यासाठी नाही. रेडीमेड रॅक पार्टिकल बोर्डचे असतात, ओल लागली की कडा फुगतात आणि मग स्क्रू धरतच नाहीत, ते घेऊ नका. मागचा प्लाय काढून टाका, त्याऐवजी वर आणि खाली एकेक आडवी पट्टी मारली की रॅक डुलत नाही आणि मागून हवा खेळते. भिंतीपासून तीन बोटं अंतर हवंच. वरून दोन ठिकाणी एल अँगलने भिंतीला धरून ठेवा, घरात मुलं चढतात. चिऱ्यात साधा छोटा प्लग धरत नाही, लांब फास्टनर मारायला सांगा.

कापून मिळणाऱ्या दुकानातून पट्ट्या कापून आणल्यात तर सुताराचं काम दोन-तीन दिवसांचं उरतं आणि पैसे तिथेच वाचतात. काच, मायका, लाइटच्या पट्ट्या हे सगळं नंतर कधीही लावता येतं, ओल लागलेली पुस्तकं मात्र परत पहिल्यासारखी होत नाहीत.

प्रश्न : वास्कोला भाड्याच्या घरात राहतो, दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतं. भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. काय घेऊ? (एक वाचक, वास्को)

उत्तर : दुकानांच्या गोदामात असतात ना, ते लोखंडी स्लॉटेड अँगलचे रॅक घ्या. नटबोल्ट काढले की सगळं सपाट होऊन टेम्पोत जातं आणि पुढच्या घरात उंची, फळ्या हव्या तशा बदलता येतात. फळी 3 फुटांची आणि 12 इंच खोलीचीच घ्या. तुम्ही समुद्राजवळ आहात म्हणून पावडर कोटिंगवालाच घ्या, आणि जोडताना जिथे ओरखडा जाईल तिथे लगेच रेड ऑक्साइडचा हात मारा, खारी हवा त्या ओरखड्यातूनच गंज धरते आणि गंजाचे डाग पुस्तकाला लागले की निघत नाहीत. लोखंड थंड पडतं म्हणून फळीवर जाड पुठ्ठा घाला. भिंतीला धरता येत नसेल तर दोन रॅक पाठीला पाठ लावून एकमेकांना बोल्ट करा आणि जड पुस्तकं खाली ठेवा. दिसायला साधं वाटेल, पण पुस्तकं भरली की रॅक कुणाला दिसत नाही.

प्रश्न : डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात आजोबांची पेटी उघडली. पोथ्या, जुनी मासिकं, हाताने लिहिलेली भजनांची वही, दोन-तीन पोर्तुगीज पुस्तकं. काहींना वाळवी, काहींना बुरशी. नव्या कपाटात ठेवायच्या आधी काय करू? आई म्हणते कडुनिंबाचा पाला घाल. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : सगळ्यात आधी ती पेटी घरातल्या दुसऱ्या पुस्तकांपासून लांब ठेवा, पडवीत चालेल, पावसाचे शिंतोडे येत नाहीत अशा कोपऱ्यात. तोंडाला मास्क बांधा, बुरशी श्वासातून जाणं चांगलं नाही. मग एकेक पुस्तक सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, उभं आणि थोडं उघडं ठेवून वाळू द्या. कडक उन्हात पसरू नका, जुना कागद पिवळा पडून करकरीत होतो आणि हात लावला की तुटतो. पूर्ण कोरडं झाल्यावरच मऊ ब्रशने, घराबाहेर, कण्यापासून कडेकडे बुरशी झटका. ओली असताना पुसलीत तर ती कागदात अजून आत जाते.

किड्यांसाठी घरचा फ्रीझर चालतो. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि दोन आठवडे डीप फ्रीझमधे ठेवा, तापमान उणे 18 च्या खाली हवं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर पाणी जमतं. याने कसर आणि तिची अंडी मरतात, बुरशी मात्र मरत नाही, ती फक्त थांबते. वाळवीचा प्रश्न पुस्तकात नसून घरात आहे, ती जमिनीतून मातीची नळी करत वर येते. पेटीच्या मागची भिंत आणि दाराच्या चौकटी तपासा, नळी दिसली तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, तोवर कपाट तिथे आणू नका.

आईंचं म्हणणं मोडू नका, पण पाला पूर्ण सुकलेला हवा आणि मलमलच्या पुरचुंडीत हवा. ओला पाला पानांत घातला तर तोच ओल सोडतो आणि डाग पाडतो. पोथ्या सुती कापडात बांधून आडव्या ठेवायची आपली जुनी रीत उत्तम आहे, ती सोडू नका. फाटलेल्या पानांना सेलोटेप अजिबात नको, लॅमिनेशन तर नकोच नको.

आणि ती हाताने लिहिलेली वही! तिला दुसरं काहीही करायच्या आधी दिवसाउजेडी मोबाइलवर एकेक पान नीट फोटो काढून ठेवा, छापील पुस्तक दुसरीकडे मिळेल, ही वही जगात एकच आहे. वही आणि ती पोर्तुगीज पुस्तकं घेऊन एकदा पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन विचारा. 1832 पासूनचं ग्रंथालय आहे ते, जुन्या गोमंतकीय पुस्तकांचा मोठा संग्रह तिथे आहे. तुमच्याकडचं काय दुर्मीळ आहे याची तिथे चौकशी करा, मगच काय ठेवायचं, काय द्यायचं ते ठरवा.

प्रश्न : रॅक झाला, पण पुस्तकं शंभरच आहेत. मुलगी सहा वर्षांची. रॅक भरायला एकदम सेट मागवावेत का? (एक वाचक दांपत्य, म्हापसा)

उत्तर : सेट नको. रिकामी फळी तशीच राहू द्या, तिला घाई नाही. मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मडगावकडच्यांना नावेलीचं डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स जिल्हा ग्रंथालय आहे, तिथून आणून वाचा आणि जे पुस्तक परत करताना जीवावर येतं तेच विकत घ्या. संदर्भासाठी जाड खंड घेऊ नका, मराठी विश्वकोशाचे खंड ऑनलाइन फुकट वाचता येतात. जे पैसे वाचतील त्यातून डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र घ्या, काही शेकड्यांत मिळतो, तो मधल्या फळीवर ठेवा, आकडा 70 च्या वर सरकला की पुस्तकं थोडी सैल करून पंखा चालू ठेवायचा. मुलीची पुस्तकं सगळ्यात खालच्या फळीवर, आणि त्यातली चार-पाच तरी मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी. रॅकमधे डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, ती खालच्या फळीशी बसूनच वाचणार आणि त्या गोळ्यांचा वास लहान मुलांना बाधतो.