रोजनाम्यात लिहून घे

शिवाजीनगर, पुणे

अगं, काल तू विचारलंस की करोनात रिमांड, म्हणजे आरोपीच्या कोठडीच्या सुनावण्या, चालायचे तरी कसे, आणि परत तशी साथ आली तर आरोपीला पडद्यावर बघूनच कोठडी वाढणार का. कोर्टातल्या वकिलांच्या बार रूमच्या गोंगाटात नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आधी कायदा. पोलीस कोठडी मागायची तर आरोपी प्रत्यक्षच हजर करावा लागतो. तिथे व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, चालत नाही. न्यायालयीन, म्हणजे कारागृहातली, कोठडी वाढवायला मात्र चालते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ मध्ये ही सोय करोनाच्या कितीतरी आधी आली होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १८७ मध्ये आहे. २३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने कच्च्या कैद्यांना कोर्टात आणणं थांबवायला सांगितलं आणि अपवाद होता तो रोजचा रिवाज झाला. पुराव्याचं वेगळं. दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय व्हीसीवर साक्ष नोंदवू नका, असं ६ एप्रिलच्या आदेशात होतं. साक्षीदाराचे डोळे कुठे वळतात हे पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे संमती देताना दहादा विचार कर.

आता माझी चूक ऐक. लॉकडाऊनमध्ये एका कारागृहातला माझा एक आरोपी व्हीसीवर यायचा. मॅजिस्ट्रेट साहेब विचारायचे, 'काही तक्रार?' तो मान हलवायचा. 'तक्रार नाही' अशी नोंद व्हायची, चौदा दिवस वाढायचे. तीन तारखा अशाच गेल्या. चौथ्या तारखेला मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, 'ऐकू येतंय ना? हात वर कर बघू.' त्याने मान हलवली. परत सांगितलं, परत मानच. नाव पुकारलं की मान हलवायची, एवढंच त्याला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. सहा आठवडे त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, आणि त्याचा वकील म्हणून रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, माझी हजेरी लागत होती.

तेव्हापासून मी हो-नाहीचे प्रश्न सोडले. सकाळी काय खाल्लंस, खोलीत तुझ्याशिवाय कोण आहे, असं काहीतरी विचार. कॅमेरा फिरवून दाखवायला सांग. मार लागल्याची शंका असेल तर आरोपीला प्रत्यक्ष आणण्याचा आणि वैद्यकीय तपासणीचा अर्ज लगेच टाक. अंधुक चित्रात वळ दिसत नाहीत. तारखेआधी पाच मिनिटं आरोपीशी एकटीने बोलू द्या, हेही लेखी माग. शिपाई कॅमेऱ्याच्या बाजूला उभा असेल तर तो एकांत नव्हे. आवाज तुटला की वेळेसकट रोजनाम्यात लिहून घे. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, मोठा असतो, साहेब वैतागतील, वैतागू देत.

आणि दिवस मोज. दोषारोपपत्राची मुदत साठ दिवसांची की नव्वद, हे वकीलपत्र घेतलंस त्याच दिवशी डायरीत लिही. २०२० मध्ये दावे, अपिलं दाखल करण्याच्या मुदती वाढल्या तेव्हा दोषारोपपत्राचीही वाढली असा काहींचा समज झाला. जूनमध्ये एस. कासीच्या निकालाने तो खोडून काढला: दोषारोपपत्र वेळेत नसेल तर साथ असो नसो, जामिनाचा हक्क राहतो. २०२२ चा जिगर अदातियाचा निकालही वाच. गुजरातच्या संघटित गुन्हेगारी कायद्यातला आहे, पण मोक्का या महाराष्ट्राच्या तशाच कायद्यातही तपासाची मुदत अशीच वाढवून मागतात. तिथे मुदतवाढीच्या वेळी आरोपी ना प्रत्यक्ष होता ना पडद्यावर, आणि सुप्रीम कोर्टाने तो राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा, भंग मानला. म्हणजे हाच पडदा तुझ्या बाजूनेही वापरता येतो.

मी व्हीसीच्या विरुद्ध नाही बरं का. 'आज पार्टी मिळाली नाही', म्हणजे कैद्याला आणणारे पोलीस मिळाले नाहीत, म्हणून आरोपी आलाच नाही आणि तारीख पडली, असे दिवस मी खूप पाहिलेत. पण कोर्टाच्या आवारात कैद्यांची गाडी लागते तेव्हा कडेला उभ्या असलेल्या आयाबायका बघ. गाडीतून उतरून आत जाईपर्यंतचं ते अर्धं मिनिट, तेवढ्यासाठी त्या सकाळपासून ताटकळतात. व्हीसीत ते गेलं. त्या माझ्या आरोपीची आई प्रत्येक तारखेनंतर फोन करायची, 'वकीलसाहेब, वाळलाय का हो तो?' पडद्यावर त्याचा चेहरा टपालाच्या तिकिटाएवढा दिसायचा. मी म्हणायचो, 'बरा आहे.'