‘पेशंटला असं कसं विचारू, मॅडम?’

मी रुग्णालयात समुपदेशक आहे. डॉक्टर आणि सिस्टरांच्या प्रशिक्षणात लैंगिक आरोग्याचा तास बहुतेक वेळा माझ्याकडे असतो. तासात कुणी तोंड उघडत नाही. चहाच्या वेळी मात्र कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, “मॅडम, तुम्ही सांगता ते ठीक आहे, पण पेशंटला असं कसं विचारायचं? चिडला म्हणजे?” मग बाकीचेही सरकतात. बाईमाणसाने पुरुषाला कसं विचारायचं, पुरुष डॉक्टरने बाईला कसं, वडिलांच्या वयाच्या माणसाला कसं, तृतीयपंथी पेशंट आला तर नेमकं काय म्हणायचं.

अडचण खोटी नाही. ओपीडीत शंभर-सव्वाशे केसपेपर, टेबलाभोवती पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त, आणि साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसमध्ये हा संवाद कुणी करून दाखवलेला नसतो. पण पेशंट चिडेल या भीतीपोटी काय राहून जातं, ते एका केसवरून सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

ग्रामीण रुग्णालयात सक्तीच्या सेवेच्या बाँडवर आलेला एक तरुण डॉक्टर होता. हुशार, पुस्तकं ताजी. एके दिवशी भर ओपीडीत माझ्या खोलीत आला. हातात केसपेपर. “मॅडम, एक टेम्पोवाला आलाय. तळहातांवर, तळपायांवर तांबूस चट्टे. खाज नाही. दोन ठिकाणी ॲलर्जीच्या गोळ्या झाल्यात. मला सेकंडरी सिफिलिस वाटतोय. पण माणूस घरंदाज आहे हो, गळ्यात माळ आहे. बायको पाच महिन्यांची गरोदर. त्याला असं कसं विचारू?”

सिफिलिस हा शरीरसंबंधातून पसरणारा आजार, सेकंडरी म्हणजे त्याची दुसरी अवस्था. मी म्हटलं, “काहीच नाही विचारलंत?”

“विचारलं ना. बाहेर कुठे जाता का म्हणून. तो म्हणाला, नाही डॉक्टर, माळकरी आहे मी.”

“तेव्हा खोलीत कोण होतं?”

“त्याचा मोठा भाऊ. आणि पुढचे दोन पेशंट.”

भावासमोर, पुढच्या नंबरवाल्यांसमोर, ‘बाहेर जाता का’ या प्रश्नाला होकार देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शिवाय टेम्पोवाला खोटंही बोलला नव्हता. या प्रश्नाचा आपल्याकडे एकच अर्थ निघतो, पैसे देऊन बाईकडे जाता का. तिकडे तो खरोखरच जात नव्हता.

चट्टे बघून डॉक्टरांना आजार ओळखता आला, रक्ताची तपासणीही संमती घेऊन करता आली असती. मग विचारायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तपासणीने आजार कळेल. तो आला कुठून, आणखी कुणाकुणाला गेला असेल, शरीराचा कुठला भाग तपासायचा राहिलाय, हे माणसालाच विचारावं लागेल. आणि इथे तर घरात गरोदर बाई आहे.

ते म्हणाले, “तुम्ही विचारता का?” मी नाही म्हटलं. समुपदेशक शेजारच्या खोलीत आहे म्हणून डॉक्टरने हा विषय टाळायचा, ही आपल्या दवाखान्यांची जुनी सवय आहे. “तुम्हीच विचारा, मी बसते,” म्हटलं.

आधी भावाला सिस्टरांनी केसपेपरवर शिक्का आणायला पाठवलं. दार लोटलं. डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं होतं की टेबलाच्या पलीकडून विचारू नका, पेन खाली ठेवा, आणि का विचारताय ते आधी सांगा. बाकी शब्द त्यांचे. कान लाल झाले होते त्यांचे, पण बोलले: “दादा, असे चट्टे ज्या आजारात येतात तो शरीरसंबंधातूनही होतो. म्हणून मी असे चट्टे असलेल्या प्रत्येकाला काही खासगी प्रश्न विचारतो. तुम्ही सांगाल ते भावाला कळणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नसेल द्यायचं तर तसं सांगा. मागच्या सहा महिन्यांत तुमचा संबंध फक्त बायकोशी आला, की आणखी कुणाशी? बाईशी, पुरुषाशी, कुणाशीही?”

टेम्पोवाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जाऊ का, विचारलं. तो नको म्हणाला. मग टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरवर बोट फिरवत म्हणाला, “पुरुषाशी आला तर तो संबंध धरतात का?”

पुढची माहिती त्याने स्वतःहूनच दिली. मालाच्या फेऱ्यांवर एक मित्र होता, बऱ्याच वर्षांचा. तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी शौचाच्या जागी एक जखम झाली होती, दुखत नव्हती. एका दवाखान्यात ‘फिशर’ (शौचाच्या जागी पडलेली चीर) म्हणून मलम मिळालं, जखम भरली. त्या डॉक्टरांनी पँट उतरवून तपासलं होतं का? नाही. सिफिलिसची पहिली जखम उपचार न करताही काही आठवड्यांत आपोआप भरते आणि श्रेय मलमाला जातं. मग चट्टे उठतात, तेही जातात, आणि आजार आत मुरतो.

आरपीआर ही सिफिलिसची रक्ततपासणी रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आली. एचआयव्ही निगेटिव्ह होती; तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितली. बेन्झाथिन पेनिसिलीनचे २४ लाख युनिट, निम्मं निम्मं दोन्ही कुल्ल्यांत. (रिॲक्शनच्या भीतीने हे इंजेक्शन द्यायला टाळणारे दवाखाने बरेच आहेत. रिॲक्शनवरच्या औषधांचा ट्रे तयार ठेवून द्यायचं असतं, टाळायचं नसतं.) मित्रालाही पाठवून देतो म्हणाला, आणि खरंच पाठवलं.

आता बायको. गरोदरपणाच्या नावनोंदणीत तिची सिफिलिसची तपासणी झाली होती, निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, बरं झालं. पण ती तपासणी तिसऱ्या महिन्यातली. नवऱ्याला लागण साधारण त्याच सुमारास झालेली, आणि संबंध नंतरही आलेले. अशा बाईची तपासणी आज निगेटिव्ह आली तरी उपचार करायचा, कारण आजार तिच्यात असला तर मूल पोटात दगावू शकतं किंवा जन्मतःच तो घेऊन येऊ शकतं. पेनिसिलीन प्रसूतीच्या किमान महिनाभर आधी पडलं, तर बाळाला वाचवण्याची खूप चांगली संधी असते.

डॉक्टरांनी सुचवलं, ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून देऊन टाकू. घर मोडायला नको. नवऱ्यालाही ते हवं होतं. इथे मी ठाम नाही म्हटलं. तिच्या अंगात काय टोचताय हे तिला कळलंच पाहिजे. तिची संमती नुसती सहीपुरती घ्यायची नाही. उद्या ताप आला, पोट आवळायला लागलं, जे या आजाराच्या पहिल्या डोसनंतर होऊ शकतं, तर ती कुणाला काय सांगणार? मात्र नवऱ्याचा जोडीदार कोण, हे सांगायचा हक्क डॉक्टरला नाही, मलाही नाही. म्हणजे आजार काय, कसा पसरतो, औषध कशासाठी, हे डॉक्टरांनी तिला सांगायचं. कुणाकडून आला हे नवऱ्याने, सांगायचं असेल तर. त्याला आम्ही दोन दिवस दिले. त्याने बायकोला एवढंच सांगितलं की चूक माझी आहे, आजार माझ्याकडून आलाय.

ती आली तेव्हा डॉक्टरांना तिने एकच विचारलं, “बाळाला काही होणार नाही ना?” आणि मला, नवरा बाहेर गेल्यावर, “ती कोण आहे?” मी म्हटलं, ते मला तुम्हाला सांगता येणार नाही, आणि तुम्ही इथे जे बोलाल तेही मी त्यांना सांगणार नाही. ती रागावली. रागावणं साहजिकच होतं. इंजेक्शन घेतलं, रात्रभर वॉर्डात देखरेखीखाली राहिली. नंतरच्या तपासण्यांना नवरा-बायको दोघं येत राहिले, कधी एकत्र, कधी वेगवेगळे. बाळ जन्मल्यावर त्याचीही तपासणी झाली, चांगलं आहे. त्या घराचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही.

त्या आठवड्यात डॉक्टर मला म्हणाले, “खरं सांगू मॅडम? मला हे पुरुष-पुरुष प्रकरण पटत नाही.” असं स्पष्ट बोलणारे कमी भेटतात, मला बरं वाटलं. मी म्हटलं, तुम्हाला तंबाखू तरी कुठे पटतो? तोंडाचा कॅन्सर तपासताना पेशंटला तुमचं मत कळतं का? सज्ञानांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला गुन्ह्यातून बाहेर काढलं, हे त्यांना माहीत होतं. तरी चेहऱ्यावर येणारी आठी कायद्याने जात नाही. त्यावर सराव हाच उपाय. आम्ही सिस्टरांना पेशंट बनवून तो केला, त्यात हसणं खूप झालं. पण चौथ्या-पाचव्या खेपेला ‘गुदमार्गातून संबंध आला का’ हे ते ‘जेवण जातं का’ इतक्या साध्या आवाजात विचारायला लागले.

या डॉक्टरांची खरी चूक मला वेगळीच वाटते. माणूस बघून प्रश्न ठरवायचा. माळ आहे म्हणून विचारायचं नाही. पांढऱ्या कपाळाच्या पन्नाशीच्या बाईला अंगावरून पांढरं जातंय तर जोडीदाराविषयी विचारायचं नाही, विधवा आहे ना. मुलगी मूकबधिर आहे म्हणून पाळीचा, संबंधांचा प्रश्न आईलाच विचारायचा. खुणांची भाषा जाणणारं घराबाहेरचं कुणी बोलवायचं सुचत नाही, लिहूनही विचारत नाहीत. तृतीयपंथी पेशंट खोकला घेऊन आली, तर मात्र तिला पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा. खोकल्याला त्याची गरज नसते. कुठल्या नावाने हाक मारू, एवढं विचारलं की पुरतं. अविवाहित मुलगी गर्भपाताला आली की ‘लग्न झालंय का’ म्हणून दरडावायचं, जणू २०२२च्या सप्टेंबरातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या तालुक्यापर्यंत पोचलाच नाही. २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीतही अविवाहितांना वगळता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

अठराच्या आतल्या मुलामुलींची गोष्ट वेगळी. तिथे पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. आधी सगळं काढून घेऊन मग ‘आता पोलिसांना सांगावं लागेल’ म्हणणं हा विश्वासघात. काय गुपित राहील आणि काय राहू शकत नाही, हे पहिल्या प्रश्नाच्या आधी सांगायचं.

‘पेशंट बोलतच नाहीत’ म्हणणाऱ्यांना मी गडचिरोलीचं उदाहरण देते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. संकोच गडचिरोलीच्या बायकांनाही असणारच. तरी त्या तपासणीला आल्या.

आता राहिलं चिडण्याचं. हो, चिडतात कधीकधी. याच डॉक्टरांवर एक निवृत्त गुरुजी उखडले होते, “वयाचा तरी मान ठेवा.” बीपी-शुगरच्या तपासणीला आले होते. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, शुगरवाल्या सगळ्यांनाच विचारतो, संबंधांत त्रास होऊ शकतो म्हणून. नको असेल तर राहू द्या.” आणि बीपीचा पट्टा बांधायला घेतला. पुढच्या महिन्यात गुरुजी एकटे आले, शेवटच्या नंबरला. खिशातून एक गोळ्यांची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेली, सिल्डेनाफिल, म्हणजे लिंगाच्या ताठरतेसाठीची गोळी. छातीत दुखण्यासाठी त्यांची नायट्रेटची गोळी आधीपासून चालू होती. दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर बीपी कोसळून माणूस जाऊ शकतो. डॉक्टरांनी स्ट्रिप ठेवून घेतली, नायट्रेट चालू असेपर्यंत ही गोळी का चालणार नाही ते समजावलं आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहायला घेतली.