वाचकांचे प्रश्न : पांढरा चहा, झोप आणि लोहाची गोळी

प्रश्न : माझे वय 46 वर्षे आहे. रात्री लवकर झोप लागत नाही, म्हणून नेहमीचा चहा सोडून गेले तीन महिने मी पांढरा चहा पिते. सकाळी एक, दुपारच्या जेवणावर एक आणि निजण्यापूर्वी एक, असे तीन कप होतात. या चहात कॅफिन जवळजवळ नसते, त्याने वजन उतरते आणि कर्करोग टळतो, असे वाचनात आले होते. झोपेत मात्र काहीच फरक पडलेला नाही. रक्तात लोह कमी असल्यामुळे डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी मी दुपारच्या चहाबरोबरच घेते. हा चहा चालू ठेवावा का?

उत्तर : चहा चालू ठेवायला हरकत नाही, मात्र तुमच्या तीन कपांपैकी दोन कपांची वेळ चुकते आहे, आणि त्यातही दुपारच्या कपाचे मला अधिक वाटते. चहातील पॉलिफेनॉल ही द्रव्ये धान्ये, कडधान्ये आणि भाज्यांतून मिळणाऱ्या लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसे उतरत नाही, आणि गोळीतील लोहाचे शोषणही चहामुळे कमी होऊ शकते. चहा पांढरा, हिरवा की काळा, याने यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि जेवण व गोळी या दोन्हींपासून चहा किमान एक तास दूर ठेवावा. जेवणात क जीवनसत्त्व असलेले फळ असेल, तर लोह अधिक चांगले शोषले जाते. अर्थात लोह कमी होण्याचे मूळ कारण दुसरेच असू शकते. या वयात पाळीतील जास्त रक्तस्राव हे एक नेहमीचे कारण असते, त्यामुळे सारा दोष चहावर टाकून तपासणी टाळू नये.

आता झोपेविषयी. पांढऱ्या चहात कॅफिन नसते, हा समज मुख्यतः त्याच्या फिकट रंगावरून आणि सौम्य चवीवरून झालेला दिसतो. प्रत्यक्षात हा चहा त्याच झाडाचा, ज्यापासून हिरवा आणि काळा चहा होतो. चीनच्या फुजियान प्रांतातील फुडिंग आणि झेंगहे ही त्याची जुनी ठिकाणे. तेथे न उमललेले कोंब आणि त्यांच्या लगतची कोवळी पाने खुडून ती न चुरगाळता केवळ कोमेजू देतात आणि वाळवतात. कोंबांवरच्या रुपेरी लवेमुळे त्याला हे नाव मिळाले. कोमेजण्यात आणि वाळण्यात कॅफिन निघून जात नाही. उलट, कॅफिन हे त्या झाडाचे किडीपासून बचाव करण्याचे साधन असल्याने कोवळ्या कोंबांत ते भरपूर असते. कपात ते किती उतरेल, हे पाने किती घातली, पाणी किती गरम होते आणि पाने किती वेळ ठेवली यावर ठरते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहूनही जास्त. म्हणून निजण्यापूर्वीचा कप बंदच करावा आणि शेवटचा कप दुपारी उशिरा न घेता लवकर संपवावा. एरवी निरोगी प्रौढाने दिवसभरात सर्व पेयांतून मिळून 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि गर्भवतीने 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घेणे सुरक्षित आहे, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये म्हटले आहे. तुमच्या तीन कपांनी ही मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता कमी आहे. अडचण मात्रेची नसून घड्याळाची आहे.

कर्करोग आणि वजन यांविषयीचे दावे मात्र सावधपणे घ्यावेत. या चहात कॅटेचिन नावाची प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये असतात हे खरे; परंतु त्यांचा जो परिणाम सांगितला जातो तो बराचसा प्रयोगशाळेतील पेशींवर किंवा प्राण्यांवर दिसलेला आहे, आणि माणसांवरचे बहुतेक अभ्यास हिरव्या चहाचे आहेत. पांढऱ्या चहाची कीर्ती बऱ्याच अंशी उसनी आहे, असे माझे मत आहे. वजनाच्या बाबतीत खरा लाभ साधा आहे : तो दूध-साखरेशिवाय प्यायला जातो, त्यामुळे गोड चहाच्या जागी आल्यास तेवढी साखर पोटात जात नाही. त्यात मध किंवा साखर घालू लागलात, तर तोही लाभ गेला.

प्रश्न : चहा करण्यापेक्षा त्याच्या अर्काच्या गोळ्या घेणे सोपे नाही का?

उत्तर : सोपे आहे, पण मी सुचवणार नाही. हिरव्या चहाच्या अर्कातून रोज 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी हे कॅटेचिन घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची लक्षणे दिसू शकतात, असे त्याच युरोपीय संस्थेने 2018 मध्ये नोंदवले. पाने पाण्यात ठेवून केलेल्या नेहमीच्या चहाला तिने सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले. हा चहा करण्यात वेळही फारसा जात नाही : उकळी येऊन किंचित निवलेल्या पाण्यात पाने दोन-तीन मिनिटे ठेवावीत, आणि कप थोडा थंड होऊ द्यावा, कारण 65 अंश सेल्सिअसहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून 2016 मध्ये नोंदवली गेली आहेत.