पहिली जुनी रायफल घेताना

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

ग्रीन कार्ड हाती आल्या आल्या तू जुन्या लष्करी रायफलींबद्दल विचारलंस, फार बरं वाटलं. तू एच-वन व्हिसावर होतीस तोवर हा विषय मी मुद्दाम टाळत होतो. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्या व्हिसावर इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. आता तुझ्या राज्याचे नियम तेवढे वाचून घे.

मोसिन-नागां या जुन्या रशियन लष्करी रायफलीच्या मागे लागू नकोस. शंभर डॉलरच्या आत मिळायची तेव्हा गोष्ट वेगळी होती. आजच्या भावात तिचा अडकणारा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) आणि खांद्याला बसणारा दणका कशाला सोसायचा? मी इशापूर २ए१ सुचवेन. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात १९६०च्या दशकात घडलेली ही ली-एनफिल्ड (ब्रिटिशांची जुनी लष्करी रायफल), पण .३०३ काडतुसाऐवजी ७.६२ नाटो काडतुसाची. त्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलादही सुधारलेलं. काटकोनी, बारा काडतुसांचं मॅगझीन ही तिची खूण. आपल्याकडच्या कामगारांच्या हातची वस्तू आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

विकणारा लाकूड, शिक्के, जुळणारे नंबर दाखवत बसेल. तू आधी रायफल रिकामी आहे का ते बघ. मॅगझीन काढलंय यावर विसंबू नकोस, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागात, बोट घालून खात्री कर. मग बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे बघ. नळीच्या आतल्या पिळदार आट्यांच्या कडा स्पष्ट दिसायला हव्यात. नुसता काळपटपणा पुसून जातो, खड्डे मात्र जात नाहीत. नळीचं तोंड भिंगातून तपास. वर्षानुवर्षं दोरीने साफ करताना ती एकाच अंगाला घासली गेली, तर तिथली कड झिजते आणि गोळी भरकटते. नळी खराब असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून दे. पहिला बार काढण्याआधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, मोजून घे. यात चालढकल नको.

पुढे कधी .३०३ घेतलीस तर तळावर 'केएफ' कोरलेली जुनी काडतुसं समोर येतील. ती आपल्या पुण्याच्या खडकीची. एखादं जरूर जपून ठेव, पण झाडायला नवी काडतुसं वापर. मी तरी नवीच वापरतो. त्या जुन्या मालाच्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाशी पेट घेणाऱ्या टिकलीत) पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की नळीत क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि दमट हवेत रात्रीतून गंज धरतो. तेलाने तो क्षार विरघळत नाही, पाण्यानेच विरघळतो. जुनी काडतुसं झाडलीस तर त्याच दिवशी, जेवायला बसण्याआधी, चेंबरच्या बाजूने नरसाळ्यातून उकळतं पाणी ओत. नळी तापली की पाणी आपोआप सुकतं. मग कोरड्या चिंध्या फिरव, आणि तेल सगळ्यात शेवटी. बोल्टचं तोंडही पाण्यानेच पुसायचं, तेवढं विसरतात लोक.

पैसे देण्याआधी नळीचे फोटो मला पाठव. तोंडाकडचा एक हवाच.

तुझा,
मामा