‘करून राहिली’ आणि स्पॅनिशचं ‘एस्तार’

प्रश्न : लग्नानंतर मी पुण्याहून नागपूरला आले. सासूबाई म्हणतात, ‘मी पोळ्या करून राहिली.’ माझा मुलगाही निबंधात ‘आजी पोळ्या करून राहिली’ असं लिहितो आणि बाई त्यावर लाल रेघ मारतात. तुम्ही स्पॅनिश शिकवता म्हणून विचारते, तिकडच्या भाषाही अशा बिघडतात का?

उत्तर : ताई, याला बिघडणं म्हणू नका. लॅटिनमध्ये ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. त्याचंच स्पॅनिशमध्ये ‘एस्तार’ झालं आणि अर्थ उरला नुसता ‘असणं’. ‘एस्तोय कोमिएन्दो’ म्हणजे मी जेवतेय. ‘एस्तोय सेन्तादा’ म्हणजे मी बसलेली आहे. लॅटिनच्या कानानं ऐकलं तर ‘मी बसलेली उभी आहे’! हे सांगितलं की वर्गातली मुलं लिहायचं थांबवून माझ्याकडे बघत राहतात.

आता आपलं ‘राहणे’ घ्या. मूळ अर्थ थांबणं, मुक्काम करणं. पण गोकुळपेठेच्या बाजारात ‘मी निघून राहिली’ म्हणणारी भाजीवाली थांबलेली नसते, टोपली उचलून चालू लागलेली असते. थांबणं गळून पडलं, चालू असलेली क्रिया तेवढी राहिली. हिंदीतलं ‘जा रही हूँ’ त्याच वाटेनं आलं. पुण्यातही ‘तो बोलत राहिला’ म्हणतातच की.

जुना अर्थ मात्र पुरता पुसला जात नाही. स्पॅनिशमध्ये ‘असणं’साठी ‘सेर’ हे दुसरंही क्रियापद आहे, ‘एस’ हे त्याचं रूप. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे माणूसच कंटाळवाणा. ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो आत्ता कंटाळलाय. पहिल्यात स्वभाव, दुसऱ्यात तेवढ्यापुरती अवस्था. उभा असलेला माणूस कधीही निघू शकतो, ते तात्पुरतेपण ‘एस्तार’नं जपलंय. फ्रेंचमध्ये तर ‘स्तारे’ ‘असणे’च्या भूतकाळात जाऊन मिसळलं : ‘झ सुइ’, मी आहे, हे वेगळ्या धातूचं, ‘झेते’, मी होतो, हे ‘स्तारे’चं.

परीक्षेत मुलानं ‘करते आहे’ लिहावं, प्रमाणलेखनाची ती शिस्त त्याला यायलाच हवी. पण आजीचं वाक्य चुकीचं आहे असं त्याला कृपा करून सांगू नका. माझी आई नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या दारात उभी राहून म्हणायची, ‘कवापासून वाट पाहून राहिली तुही’, म्हणजे केव्हाची तुझी वाट पाहतेय. शाळेत शिकून आलेल्या मी तिला एकदा ‘पाहते आहे’ म्हणायला लावलं. ती तसं म्हणाली. मग त्या दिवशी बराच वेळ माझ्याशी काही बोलली नाही.